स्मोकी डोंगरातला मुक्काम: केबिन की आरव्ही, आणि फोडणी कुठे द्यायची

आई-बाबा उन्हाळ्यात अमेरिकेत आले की अटलांटा, शार्लट, नॅशव्हिल भागातल्या मराठी घरांत एक बेत ठरलेला असतो: ‘चार दिवस स्मोकीला जाऊन येऊ.’ टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांच्या सीमेवर पसरलेले ग्रेट स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्क १९३४ साली स्थापन झाले. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत सर्वांत जास्त लोक इथेच येतात, वर्षाला सव्वा कोटीच्या आसपास. प्रवेशाला पैसे लागत नाहीत. डोंगर जुने, गोलसर, तळापासून माथ्यापर्यंत झाडीने भरलेले. झाडांतून निघणाऱ्या वाफेमुळे त्यांच्यावर कायम निळसर धूसर पडदा असतो, त्यावरूनच हे नाव पडले.

आम्ही अटलांटाहून तिथे अनेकदा गेलो. कधी केबिनमध्ये, म्हणजे भाड्याच्या लाकडी घरात राहिलो, कधी आरव्ही, म्हणजे झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घेतली. एकदा दोन्ही घरचे आजी-आजोबा आणि दोन लहान मुले एकदम बरोबर होती. या सगळ्यातून एक गोष्ट पक्की कळली. बघायच्या जागांची यादी आधी करू नये. रात्र कुठे काढायची, स्वयंपाक कुठे करायचा आणि घाटात गाडी कोण चालवणार, हे तीन प्रश्न आधी सोडवावेत. ते सुटले की जागा आपोआप ठरतात, कारण डोंगरात अंतर मैलांत मोजून उपयोग नसतो.

आधी बाजू ठरवा

उद्यानाच्या हद्दीत राहायची सोय म्हणजे कॅम्पग्राउंड, तंबू ठोकायच्या किंवा आरव्ही उभी करायच्या जागा. हॉटेल नाही, भाड्याची केबिन नाही. अपवाद एकच, माउंट लकाँटच्या माथ्याजवळचा लकाँट लॉज. तिथे गाडीरस्ता जात नाही. सर्वांत जवळची वाटही एका बाजूने पाच मैल चढाची आहे, वीज नाही, रात्री रॉकेलचे दिवे, आणि सामान लामा नावाच्या उंटाच्या कुळातल्या जनावरांच्या पाठीवरून वर येते. चालणाऱ्यांसाठी तो अनुभव विलक्षण आहे, पण आज आपण आजी-आजोबांसकट जाणाऱ्या कुटुंबाचा विचार करतोय.

म्हणजे केबिन हवी असेल तर ती उद्यानाबाहेर, तीन बाजूंपैकी एकीकडे. उत्तरेला गॅटलिनबर्ग आणि पिजन फोर्ज: केबिन सर्वांत जास्त, दुकाने, खेळ, रोषणाई, आणि रस्त्यावर गाड्यांची रांग. वायव्येला टाउनसेंड: लहान गाव, लिटल नदी, शांतता, आणि केड्स कोव्ह या कुरणांच्या दरीत जायला सर्वांत सोपे. दक्षिणेला नॉर्थ कॅरोलायनातले चेरोकी आणि ब्रायसन सिटी: चेरोकी हे आदिवासी चेरोकी लोकांच्या स्वतःच्या भूमीवरचे गाव, जवळच ओकोनलफ्टीच्या कुरणात एल्क, म्हणजे मोठ्या जातीची हरणे दिसतात.

गॅटलिनबर्ग ते चेरोकी डोंगर ओलांडून जेमतेम ३५ मैल आहे, पण तास-सव्वा तास सहज जातो. ऑक्टोबरच्या शनिवारी किती जाईल याची खात्री देता येत नाही. गॅटलिनबर्गहून केड्स कोव्हला जायलाही तास धरावा. म्हणून ‘तिन्ही बाजू बघू’ असा हट्ट धरू नका. वडीलधारी बरोबर असतील तर मी टाउनसेंड निवडेन. मुले दहाच्या पुढची आणि संध्याकाळी गर्दीत फिरायची हौस असलेली असतील तर पिजन फोर्ज. शार्लटकडून येणाऱ्यांना चेरोकीची बाजू सोयीची. त्या दिशेने येऊन टेनेसीच्या बाजूला जाणार असाल तर आंतरराज्य ४० क्रमांकाच्या महामार्गाची स्थिती आधी बघावी. सप्टेंबर २०२४ मधल्या हेलीन वादळात पिजन नदीच्या दरीतला त्याचा काही भाग वाहून गेला होता, आणि मार्च २०२५ मध्ये तो दोन्ही दिशांना एकेका पदरीवर सुरू झाला.

केबिन की आरव्ही

मला विचाराल तर घरात सत्तरीच्या पुढचे कोणी किंवा तीन वर्षांच्या आतले मूल असेल, तर पहिल्या खेपेला केबिनच घ्या. आरव्हीत रात्री बाथरूमला उठताना एकाने हलले की सगळे जागे होतात. वरच्या बंकवर चढणे आजोबांना जमत नाही, आणि खालचे जेवणाचे टेबल मोडून केलेल्या पलंगाची गादी पाठीला पुरत नाही. सहा जण झोपतील असे लिहिलेल्या गाडीत चार मोठी माणसे सुखाने झोपतात, असे माझे मोजमाप आहे.

सात-आठ वर्षांपुढची मुले आणि दोन मोठी माणसे असतील तर मात्र आरव्हीसारखे सुख नाही. कॅम्पग्राउंडमध्ये सकाळी दार उघडले की समोर ओढा असतो, केबिनमधून तिथे पोचायला पाऊण तास लागतो. दोन कुटुंबे मिळून जाणार असाल तर आमचा सर्वांत आवडता बेत असा: एक आरव्ही आणि एक साधी मोटार. आरव्ही जागेवरून हलवायचीच नाही, हिंडायला मोटार. फक्त आरव्ही घेऊन गेलात तर दूध आणायलाही अख्खे घर घेऊन निघावे लागते, आणि बऱ्याच वाटांच्या सुरुवातीला एवढ्या लांब गाडीला उभे राहायला जागा नसते. राहायच्या जागेवर साधारण सहा माणसांची मर्यादा असते, तेव्हा दोन कुटुंबांनी शेजारशेजारच्या दोन जागा धराव्यात.

कधी जायचे, आरक्षण कधी करायचे

उद्यानातल्या कॅम्पग्राउंडचे आरक्षण ‘रिक्रिएशन डॉट गव्ह’ या सरकारी संकेतस्थळावर सहा महिने आधी उघडते. जागेचे भाडे रात्रीला ३० डॉलरच्या आसपास. ऑक्टोबरच्या मध्याची जागा हवी असेल तर एप्रिलच्या मध्यात त्या दिवशी सकाळीच संगणकासमोर बसावे. केड्स कोव्ह, एल्कमाँट आणि स्मोकमाँट ही तीन मोठी ठिकाणे. हिवाळ्यात केड्स कोव्ह आणि स्मोकमाँट सोडून बाकीची बहुतेक बंद होतात, एल्कमाँटसुद्धा.

एप्रिल ते मेचा पूर्वार्ध रानफुलांचा. जुलै आणि ऑक्टोबर सर्वाधिक गर्दीचे. पानांचे रंग वरच्या उंचीवर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात येतात आणि पायथ्याला महिन्याच्या उत्तरार्धात उतरतात, त्यामुळे ‘रंग गेले का’ असे कोणी विचारले तर ‘किती उंचीवरचे?’ असेच विचारावे लागते. एक डिसेंबर ते ३१ मार्च कुवोही या शिखराच्या माथ्याकडे जाणारा सात मैलांचा रस्ता बंद असतो.

मेच्या अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला एल्कमाँटला काजवे असतात. भंडारदऱ्याच्या परिसरात पावसाआधी काजव्यांनी भरलेली झाडे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांनी हेही जरूर पाहावे. इथल्या जातीचे नर एका तालात चमकतात: काही क्षण सगळे रान लुकलुकते आणि मग एकदम काळोख. त्या काळातल्या ठरवून दिलेल्या आठ रात्री एल्कमाँटमध्ये संध्याकाळनंतर फक्त पास असलेल्या गाड्या जातात, आणि पास एप्रिलच्या शेवटी सोडतीने मिळतात. सोडतीत नाव लागणे अवघड आहे, पण ज्याच्याकडे एल्कमाँट कॅम्पग्राउंडचे आरक्षण आहे त्याला सोडतीची गरज नसते. सहा महिन्यांचा हिशोब मागे नेला तर ही जागा नोव्हेंबरच्या अखेरीस धरावी लागते. जाताना विजेरीवर लाल जिलेटिन कागद बांधा आणि फोन खिशात ठेवा. एका फोनच्या उजेडानेही आसपासचे काजवे विझतात.

केबिन धरताना काय विचारायचे

फोटोंत गरम पाण्याचा टब आणि समोरची दरी दिसते. दिसत नाही तो शेवटचा पाव मैल. एका वर्षी आम्ही घेतलेल्या केबिनच्या जाहिरातीत ‘डोंगरमाथ्यावरचे निवांत घर’ एवढेच लिहिले होते. रात्री नऊला पावसात पोचलो तर खडीचा, एकच गाडी मावेल असा उभा चढ, एका बाजूला कठडा नसलेली दरी. चाके फिरायला लागली. शेवटी गाडी खालीच लावून सासूबाईंचा हात धरून छत्रीत वर चढलो. त्या रात्री त्या एक शब्द बोलल्या नाहीत, पण घट्ट धरलेला हात मला सगळे सांगत होता.

तेव्हापासून मी मालकाला लिहून विचारते: दाराशी जाणारा रस्ता डांबरी आहे का, आणि साध्या मोटारीला पावसात चढतो का? गाडी लावायच्या जागेपासून दारापर्यंत पायऱ्या किती? दाराच्याच मजल्यावर झोपायची खोली आणि बाथरूम आहे का? इथल्या बहुतेक केबिन उतारावर बांधलेल्या असतात, त्यामुळे ‘तळमजला’ हा शब्द फसवा असतो. झोपायची चांगली खोली अनेकदा दारापासून एक जिना खाली निघते. मुले असतील तर पोटमाळ्याच्या कठड्याची उंची आणि गजांमधली फट विचारा. हिवाळ्यातल्या आणि पावसातल्या पाहुण्यांचे अभिप्राय आधी वाचा, उन्हाळ्यातले नंतर.

भाडे बघताना एका रात्रीचा आकडा बघू नका. सफाईचे पैसे, संकेतस्थळाची फी आणि कर मिळवून आलेली एकूण रक्कम रात्रींनी भागा. दोन रात्रींसाठी केबिन महाग पडते ती यामुळे. चार रात्रींपासून ती परवडायला लागते.

सुटकेचा मार्गही विचारा. नोव्हेंबर २०१६ मध्ये उद्यानात लागलेला वणवा जोराच्या वाऱ्याने गॅटलिनबर्गपर्यंत आला, १४ जणांचा जीव गेला आणि दोन हजारांहून जास्त इमारतींना झळ पोचली. डोंगरावरच्या वस्तीला खाली उतरायला किती रस्ते आहेत हे पोचल्याच्या दिवशी उजेडात बघून ठेवा आणि गाडीचे तोंड बाहेरच्या बाजूला करून उभी करा. निरांजन लावत असाल तर सगळे बाहेर जाण्याआधी ते शांत होऊ द्या. ते सगळे घर लाकडाचे असते.

स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये तूप, तेल, भाताची शिते सोडू नका. डोंगरावरच्या घरांचे सांडपाणी बहुधा सेप्टिक टाकीत जाते आणि ती तुंबली तर मुक्काम तिथेच संपतो. ताटे आधी कागदाने पुसा, मग धुवा.

आरव्ही घेताना

भाड्याने घ्यायला सर्वांत सोयीची म्हणजे क्लास सी, ट्रकच्या तोंडावर पलंगाचे पुढे आलेले कपाळ असलेली. लांबी २५ फुटांच्या आसपास ठेवा. उद्यानातल्या प्रत्येक जागेची लांबी आरक्षणाच्या पानावर दिलेली असते, ती तुमच्या गाडीच्या लांबीशी ताडून बघा. चालवायला बहुधा साधा परवाना चालतो, विमा मात्र नीट वाचा. आपली रोजच्या मोटारीची पॉलिसी आणि क्रेडिट कार्डाचे संरक्षण बऱ्याचदा आरव्हीला लागू होत नाही.

गाडी ताब्यात घेताना घाई करू नका, तास द्या. मालक प्रत्येक बटण दाखवत असताना फोनवर व्हिडिओ काढा, कारण रात्री अकराला पाण्याचा पंप बंद पडला की त्याचे शब्द आठवत नाहीत. शेगडी पेटवून बघा, फ्रीज गॅसवर चालू करून बघा, छतावरचा पंखा फिरवा, गाडीची उंची एका चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. क्लास सी ११ फुटांच्या पुढे असते, आणि बँकेच्या किंवा हॉटेलच्या पोर्चखाली सवयीने शिरणाऱ्यांचे छप्पर फाटते.

विजेचे गणित समजून घ्या. उद्यानाबाहेरच्या आरव्ही पार्कमध्ये वीज, पाणी आणि सांडपाणी अशी तिन्ही जोडणी मिळते, तिला हूकअप म्हणतात. साधी जोडणी ३० अँपिअरची, १२० व्होल्टची, म्हणजे सगळे मिळून ३,६०० वॉट. एसी साधारण १,५०० खातो. तुम्ही घरची इंडक्शन शेगडी पूर्ण आचेवर लावली की आणखी १,८००. वर मिक्सर लावून चटणी वाटायला घेतली की फटकन सगळे बंद. स्वयंपाकाच्या अर्ध्या तासात एसी बंद ठेवायचा हा आमच्या घरचा नियम झाला आहे. चटणी, आले-लसूण, वाटणे घरूनच करून डब्यात न्या.

उद्यानाच्या आतल्या कॅम्पग्राउंडमध्ये यातले काहीच नसते. फ्लशची स्वच्छतागृहे आणि पिण्याच्या पाण्याचे नळ असतात. वीज जोडणी नाही, अंघोळीची सोय नाही. जनरेटर सकाळी आठ ते रात्री आठ, आणि काही भागांत अजिबात नाही. म्हणजे रात्री एसी मिळणार नाही. बॅटरीवर दिवे, पंप आणि पंखा चालतो तेवढेच. आजोबांना झोपेत श्वासाचे यंत्र लागत असेल तर उद्यानाबाहेरचीच जागा घ्या, यात तडजोड नको. आमचा शिरस्ता असा आहे: दोन रात्री आत, मग एक रात्र टाउनसेंडच्या आरव्ही पार्कात, तिथे मनसोक्त अंघोळी आणि टाक्या रिकाम्या.

टाक्या तीन. स्वच्छ पाण्याची, बेसिन आणि शॉवरच्या पाण्याची म्हणजे ग्रे, आणि संडासाची म्हणजे ब्लॅक. स्वच्छ पाण्याची टाकी घरून भरून निघू नका. ४० गॅलन म्हणजे १५० लिटर, तेवढेच किलो वजन विनाकारण महामार्गावर वाहता. पायथ्याशी पोचल्यावर भरा. ब्लॅक टाकीचा झडप हूकअपवर असतानाही बंदच ठेवायचा. उघडा ठेवला तर पाणी वाहून जाते आणि घट्ट भाग तळाशी बसतो. आमच्या पहिल्या सहलीत आम्हाला हे कोणी सांगितले नव्हते आणि शेवटच्या दिवशी ती टाकी धुण्यात पूर्ण सकाळ गेली. टाकी दोन तृतीयांश भरली की हातमोजे घाला, जाड नळी जोडा, आधी ब्लॅक सोडा, ती संपली की बंद करा, मग ग्रे सोडा. साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. मग ब्लॅकमध्ये थोडे पाणी आणि औषध टाकून ठेवा. पिण्याच्या पाण्याची नळी या कामाच्या जवळपासही आणू नका, ती वेगळ्या पिशवीत राहू द्या. केड्स कोव्ह आणि स्मोकमाँटला टाक्या सोडायची जागा आहे. एल्कमाँटला राहणाऱ्यांनी गॅटलिनबर्गजवळच्या शुगरलँड्स या पर्यटक केंद्रासमोर जावे.

घाटातला रस्ता

गॅटलिनबर्गहून निघून ५,०४६ फुटांच्या न्यूफाउंड गॅपवरून चेरोकीला उतरणारा रस्ता ४४१ क्रमांकाचा. आपल्या कळसूबाईची उंची ५,४०० फूट, त्यावरून अंदाज घ्या. वळणे कसारा घाटाची आठवण देणारी, रस्ता मात्र सुस्थितीत. आरव्ही इथून जाते. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून राहू नका, खालचा गिअर टाका. ब्रेक तापल्याचा वास आला तर पुढच्या मोकळ्या जागेत थांबून वीस मिनिटे चहा घ्या. मागे चार गाड्या साचल्या की बाजूला होऊन त्यांना जाऊ द्या, इथे तीच रीत आहे.

केड्स कोव्हला आरव्ही न्यायची तर गॅटलिनबर्गकडून लिटल रिव्हर रोडने जाऊ नका. तो अरुंद आणि खडकाला घासून जाणारा आहे. टाउनसेंडवरून आत शिरा. रोअरिंग फोर्कच्या रस्त्यावर आरव्हीला बंदीच आहे.

ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या सीटवर बसवा, आवळासुपारी हाताशी ठेवा आणि निघण्याआधी भरपेट मिसळ नको. उद्यानात पेट्रोलपंप नाही. फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नाही, तेव्हा नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या आणि एक कागदी नकाशाही ठेवा. १५ मिनिटांहून जास्त वेळ गाडी उभी करायची तर पार्किंग टॅग लागतो. मार्च २०२३ पासून दिवसाचे पाच, आठवड्याचे १५, वर्षाचे ४० डॉलर असा दर आहे. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास जवळ असला तरी तो टॅगऐवजी चालत नाही.

फोडणी आणि अस्वल

या विषयाकडे आपल्या लोकांनी फार लक्ष द्यायला हवे, कारण आपला स्वयंपाक वासाचा आहे. या डोंगरांत दर चौरस मैलाला साधारण दोन काळी अस्वले राहतात. त्यांचे नाक कुत्र्यापेक्षाही तीक्ष्ण. हिंग-मोहरीची फोडणी, तळलेले बोंबील, तुपात परतलेला शिरा, यातले काहीही त्यांना दूरवरून कळते. एकदा माणसाच्या अन्नाची चटक लागलेले अस्वल पुन्हा पुन्हा येते, धीट होते, आणि शेवटी त्यालाच मारावे लागते. आपल्या उघड्या डब्याची किंमत ते जनावर मोजते, म्हणून मी यावर एवढे लिहिते आहे.

कॅम्पग्राउंडचा नियम स्पष्ट आहे. खाणे, शीतपेटी, शेगडी, खरकटी आणि धुतलेलीही भांडी, टूथपेस्ट, कुत्र्याचे खाणे, हे सगळे वापर नसेल तेव्हा मोटारीच्या आत काचा बंद करून किंवा टणक भिंतींच्या आरव्हीत. कापडी भिंतींचा ट्रेलर यात धरत नाहीत. भांडी घासलेले पाणी जमिनीवर ओतायचे नाही. उरलेले अन्न शेकोटीत जाळायचे नाही, त्याचा वास उलट वाढतो.

आरव्हीत फोडणी दिली की धुराचा भोंगा वाजतो, मग कोणीतरी त्याची बॅटरी काढून ठेवते. तसे कधीही करू नका, गॅस असलेल्या त्या छोट्या खोलीत तोच तुमचा राखणदार आहे. सोपा मार्ग म्हणजे फोडणी घरून नेणे. तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, लाल मिरची नीट करून छोट्या बरणीत भरली की फ्रीजमध्ये चार दिवस छान राहते. वरणावर, पोह्यांवर, दहीभातावर चमचाभर घालायची. पहिल्या दिवसाला गूळपोळ्या आणि धपाटे, नंतर भाजणी नेऊन थालीपीठ, एक दिवस कुकरला मूगडाळ-तांदळाची खिचडी, सोबत भाजलेला पापड आणि लोणचे. मासे आणि तळण केबिनसाठी राखा, आणि तिथेही खिडक्या उघड्या टाकून बाहेर जाऊ नका.

माझ्या सासऱ्यांना जेवणाआधी चित्राहुती घालायची आणि एक घास पाखरांसाठी बाहेर ठेवायची जन्माची सवय. त्यांना ‘इथे चालत नाही’ एवढेच सांगून भागले नसते. मी त्यांना सांगितले की इथे रानातल्या जिवांना खाऊ घालणे गुन्हा आहे, पाच हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि तो घास जो खाईल त्याचाच त्याने घात होतो. त्यांनी थोडा विचार केला, चित्राहुती ताटातच घातली आणि जेवणानंतर स्वतः कचरापेटीत नेऊन टाकली. अस्वलांना उघडता न येणाऱ्या त्या पेटीची कडी लागल्याचा आवाज ऐकूनच ते परत फिरायचे.

केबिनच्या अंगणातल्या मोटारीलाही कुलूप लावा, आत काही नसले तरी. अस्वले दाराची मूठ ओढून दार उघडतात, मागे दार बंद झाले की आत अडकून सीटच्या चिंध्या करतात. मुलांच्या सीटखाली पडलेली बिस्किटे निघण्याआधी झाडून काढा.

समोर अस्वल दिसलेच तर ५० यार्डांहून जवळ जायला कायद्यानेच मनाई आहे, एल्कच्या बाबतीतही. धावू नका. मुलांना जवळ ओढा, तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरका. ते पाठोपाठ येऊ लागले तर उंच उभे राहून ओरडा, टाळ्या वाजवा, दगड फेका. अंगावर आलेच तर मेल्याचे सोंग घेऊ नका, हातात येईल त्याने प्रतिकार करा.

सरपण घरून नेऊ नका. बाहेरच्या लाकडातून झाडे मारणारे किडे येतात, म्हणून उद्यानात फक्त उष्णता देऊन प्रमाणित केलेले सरपण आणता येते. ते आसपासच्या दुकानांत सहज मिळते.

चार रात्रींचा आमचा बेत

पहिला दिवस फक्त पोचण्याचा. उजेड असताना पोचा, एवढेच ध्येय.

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू होताच केड्स कोव्हच्या फाटकाशी. ११ मैलांचा एकेरी फेरा, दरीभर कुरणे, धुके, हरणे, १९व्या शतकातली लाकडी घरे आणि पाणचक्की. उशिरा गेलात तर तीन-चार तास गाड्यांच्या रांगेत जातात. गेली काही वर्षे मे ते सप्टेंबर बुधवारी इथे मोटारींना बंदी असते आणि रस्ता चालणारे-सायकलवाले यांचा असतो, तेव्हा वडीलधाऱ्यांना घेऊन बुधवार टाळा. थर्मासमध्ये चहा आणि मेथीचे ठेपले न्या.

तिसरा दिवस वरचा. न्यूफाउंड गॅप, तिथून कुवोही, ६,६४३ फूट. हे शिखर आधी क्लिंगमन्स डोम म्हणून ओळखले जाई. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याला चेरोकी भाषेतले मूळ नाव परत मिळाले, अर्थ ‘तुतीची जागा’. मनोऱ्यापर्यंतची अर्ध्या मैलाची वाट डांबरी आहे पण फार उभी. गुडघे दुखणाऱ्यांनी गाडीतळावरच्या कठड्याशी बसावे, तिथूनही डोंगरांच्या रांगा मन भरून दिसतात. पायथ्यापेक्षा इथे १० ते २० अंश फॅरनहाइटने थंड असते, जुलैतही स्वेटर लागतो. पाऊस पायथ्याला वर्षाला ५५ इंच, म्हणजे पुण्याच्या दुप्पट, आणि माथ्यावर ८५ इंचांपर्यंत. तो आपल्यासारखा चार महिन्यांत उरकत नाही, बाराही महिने विभागून पडतो. त्यामुळे रेनकोट नेहमीच हवा. परतीला संध्याकाळ ओकोनलफ्टीला काढली तर एल्क दिसण्याची शक्यता बरीच. २००१ पासून त्यांना या डोंगरांत पुन्हा आणून सोडले आहे.

चौथा दिवस नदीकाठी, कोणताही कार्यक्रम न ठेवता. पाण्यातल्या दगडांवर शेवाळ असते आणि वर कुठेतरी पाऊस पडला की पाणी अचानक चढते, म्हणून मुलांच्या पायात पकड असलेले बूट आणि जवळ एक मोठे माणूस. आजी-आजोबांसाठी ओकोनलफ्टी रिव्हर ट्रेल जवळपास सपाट आहे. कुत्रा बरोबर असेल तर ती आणि गॅटलिनबर्ग ट्रेल, या दोनच वाटांवर त्याला नेता येते.

निघण्याची सकाळ

केबिन बहुधा दहाला सोडावी लागते, म्हणून आदल्या रात्रीच फ्रीज रिकामा करून बेसिन कोरडे करा. आरव्हीवाल्यांनी परतीच्या वाटेवर टाक्या सोडणे, पेट्रोल आणि गॅस भरणे यांसाठी दोन तास वेगळे काढावेत. रिकामी टाकी आणि भरलेला गॅस दाखवता आला नाही तर मालक त्याचे भारी पैसे लावतो. पायरी आत घेतली का, छताची झडप मिटली का, नळी आणि विजेची तार काढली का, हे एकाने मोठ्याने म्हणायचे आणि दुसऱ्याने हात लावून बघायचे. गाडी पुढे घेऊन जागेवर एकदा उतरून नजर फिरवा. टेबलाखाली डबे, तारेवर टॉवेल, आणि भांड्यांच्या पिशवीत कुकरची शिट्टी आहे ना ते बघा. आमची एक शिट्टी टाउनसेंडमध्ये राहिली आणि अटलांटाला पोचून आमटीसाठी डाळ भिजत घातल्यावर ते लक्षात आले.